पुढच्या दारानं

निवडणूक हरल्याचं आमच्या ह्यांना दुपारी अडीचला कळलं, आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला. चेहऱ्यावर दाखवला नाही, तेवढी अक्कल आहे मला. चार वेळा निवडून आलेला नगरसेवक पाचव्या वेळी एकशे बारा मतांनी पडला, आणि तोही कोपऱ्यावरच्या चष्मेवालीकडून, जिला दोन वाक्यं बोलायची तरी हातात कागद लागतो. घरात जमलेली माणसं एकेक करून चपला शोधायला लागली. मी चहा टाकला आणि मनात म्हटलं, चला, वीस वर्षांनी का होईना, नवरा परत मिळाला.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करायचे. तीस वर्षं कानाला यंत्र लावून ह्याला त्याच्याशी जोडून दिलं, दोघं बोलायला लागले की मी बाजूला. घरीही तेच चाललं होतं. दारात माणूस आला की "साहेब आहेत, बसा," असं म्हणायचं, पाणी द्यायचं आणि आत यायचं. मुलगा परदेशी, रविवारी फोन करतो, तोही आधी "बाबांना वेळ आहे का?" विचारतो. त्यामुळे हरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोघांसाठी ताटं मांडली आणि गप्पा मारायच्या तयारीनं बसले.

हे आलेच नाहीत. बाहेरच्या खोलीत जाऊन बसले होते.

ती बाहेरची खोली म्हणजे ह्यांचं खरं घर. अकरा खुर्च्या भिंतीला लावलेल्या, काचेचं टेबल, काचेखाली बसचं जुनं वेळापत्रक, रबरी शिक्के, आणि अर्ज दाबून ठेवायला एक गुळगुळीत दगड. सकाळी आठ ते दहा हे तिथे बसायचे. नळाला पाणी नाही, गल्लीत दिवा नाही, सुनेचं नाव यादीत नाही, असं घेऊन माणसं यायची. हे कोणालाही नाही म्हणायचे नाहीत. मान किंचित तिरकी करून, डोळ्याला डोळा भिडवून ऐकायचे, कागदावर लिहून घ्यायचे. ऐकण्यात ह्यांचा हात कोणी धरणार नाही. समोरचा माणूस काम व्हायच्या आधीच अर्धा सुखी होऊन बाहेर पडायचा.

पण त्यात एक मेख होती आणि ती फक्त मला माहीत होती. प्रत्येक गल्लीतलं एक काम हे मुद्दाम शिल्लक ठेवायचे. तीन दिवे लावून द्यायचे, चौथा ठेवायचा. मी एकदा विचारलं, "अहो, तो शिंप्याच्या घरासमोरचा दिवा एवढा काय जड आहे?" तर म्हणाले, "सगळं करून टाकलं तर तो येईल कशाला?" मला तेव्हा वाटलं, मतांसाठी चाललंय. मतांसाठी नव्हतं. शिंपी तर ह्यांना मत न देणाऱ्यातलाच होता, अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. तरी तो आला की ह्यांच्या चेहऱ्यावर तेज चढायचं.

हरल्यावर पहिला आठवडा सांत्वनाला माणसं आली. दुसऱ्या आठवड्यात दोघं आली, त्यातला एक पत्ता चुकलेला. मग कोणी नाही. हे मात्र आठ ते दहा बसायचेच, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. पत्राच्या जुन्या कागदांवर 'नगरसेवक'च्या आधी हातानं 'माजी' लिहीत बसायचे. शंभर कागदांवर लिहून झालं तरी पत्र कोणाला लिहायचं हा प्रश्न होताच. मधूनच फोन उचलून चालू आहे का बघायचे. त्या बाबतीत मी ह्यांना फसवू शकत नव्हते, फोन अगदी ठणठणीत होता.

मी दारात जाऊन म्हणायचे, "अहो, आत या ना, बसू जरा."

"आलोच," असं म्हणायचे आणि यायचे नाहीत.

एकदा आले. दुपारची वेळ, मी मटार सोलत होते. समोर बसले, चार शेंगा सोलल्या, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा दोन शेंगा. मग मला विचारलं, "तुझं काही काम आहे का माझ्याकडे?"

माझी तार सटकली. "लग्नाची बायको आहे मी. काम असलं तरच बसायचं का समोर?"

मला वाटलं, उठून जातील. पण आणखी एक शेंग सोलली आणि मटारांकडे बघत म्हणाले, "रागावू नकोस. दारात कोणी काही मागायला आलं ना, की मी कोण आहे ते मला कळतं. त्याच्या डोळ्यांत दिसतं. तू काही मागत नाहीस. तुझ्यासमोर बसलो की वाटतं, इथे मी नसतो तरी चाललं असतं."

"मग लहानपणापासून असंच?"

"आम्ही सात भावंडं. कोणाचं कोणावाचून अडायचं नाही." एवढंच बोलले आणि उठून बाहेर गेले.

राग निघून गेला आणि त्या जागी काय आलं ते सांगता येणार नाही. कीव म्हणा. पण कीव येऊन माझा एकटेपणा काही कमी झाला नाही. एका छपराखाली दोन माणसं, एक बाहेरच्या खोलीत अकरा खुर्च्या सांभाळत बसलेला आणि एक आत भांडी वाजवणारी. मी मुद्दाम वाजवायचे, घरात काही आवाज असावा म्हणून.

मग एका सकाळी माझ्या डोक्यात खूळ आलं. केस नीट विंचरले, घडीची साडी नेसले, मागच्या दारानं बाहेर पडले, घराला वळसा घातला आणि फाटक उघडून पुढच्या दारानं आत गेले. तिसऱ्या खुर्चीत बसले. ह्यांनी वर पाहिलं. हसले. आणि सवयीनं, अगदी सवयीनं, हातातला कागद पुरता वाचून होईपर्यंत मला थांबवलं.

"बोला, काय काम होतं?"

"साहेब, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी तीन वर्षं तुटलेली आहे. घरमालक लक्ष देत नाहीत."

मला वाटलं, दोघं हसू आणि चहा प्यायला आत जाऊ. पण ह्यांनी मान तिरकी केली. डोळ्याला डोळा भिडवला. कडी कोणत्या बाजूची, पाऊस आत येतो का, आधी कोणाला सांगितलं होतं, सगळं विचारलं. लिहून घेतलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, आणि ह्या माणसानं माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, लाज वाटली, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले.

कडी चार दिवसांत बसली. मग मी नळाची तक्रार नेली. मग समोरच्यांच्या कुत्र्याची, मग टपाल उशिरा येतं त्याची. तक्रारी संपल्या तेव्हा मी रचायला लागले. रात्री पडल्या पडल्या विचार करायचा, उद्या काय न्यावं. एकदा तर चांगल्या चाललेल्या पंख्याची तक्रार केली. हे खुर्चीवर चढून बघून आले आणि म्हणाले, "आता तर चालतोय." मी म्हटलं, "साहेबांचा पाय लागला ना." असे खूश झाले की बास. ती पंधरावीस मिनिटं आमच्या बोलण्यात मीठ असायचं. दहा वाजले की मी फाटकातून बाहेर, वळसा घालून मागच्या दारानं आत, आणि पुन्हा दिवसभर शांतता. हा वेडेपणा आहे हे मला कळत होतं. पण भुकेल्यानं ताट पाहावं की वाढणारा पाहावा?

पाच महिने असे गेले. मग माझ्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, फोटो काढायला लावले आणि सांगितलं, गर्भाशयाला गाठ आहे, काढावी लागेल, कसली आहे ते काढल्याशिवाय सांगता येणार नाही. मी घरी आले. हे जेवायला बसले होते. मला तेव्हाच सांगायचं होतं, वाढता वाढता, बायकोनं नवऱ्याला सांगावं तसं. तोंड उघडलं आणि ह्यांनी भाजीकडे बघत "मीठ कमी आहे" म्हटलं. मी मीठ दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला मी पुढच्या दारानं गेले आणि तिसऱ्या खुर्चीत बसून सांगितलं.

ह्यांनी पेन खाली ठेवलं नाही. 'गाठ' असं लिहिलं, खाली रेघ मारली. चेहरा मात्र पांढरा पडला होता, तेवढं मी बघितलं. मग भराभर फोन सुरू झाले. जिल्ह्यातल्या सगळ्यात मोठ्या सर्जनची वेळ घेतली, रुग्णालयात दुसऱ्या मजल्यावरची खिडकीची खास खोली ठरवली, रक्त लागलं तर कोण देणार त्याची यादी केली. किती महिन्यांनी ह्यांचा आवाज तसा घुमला.

"अहो," मी म्हटलं, "मला भीती वाटतेय. तुम्ही असाल ना तिथे? आत नेताना?"

"हा काय प्रश्न झाला? सगळी व्यवस्था होईल, तू बिनघोर राहा."

मला व्यवस्था नको होती. मला आत नेताना हात धरायला माणूस हवा होता. पण मीच त्या खुर्चीत जाऊन बसले होते, आणि त्या खुर्चीत बसणाऱ्याला व्यवस्थाच मिळते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी ह्यांनी मला दाखल केलं आणि मी खोलीत आडवी झाल्यावर घरी गेले. सकाळी नऊला येतो म्हणाले. सकाळी सातला त्या खास खोलीच्या छतातून पाणी गळायला लागलं. वरच्या मजल्यावर कुठलासा पाइप फुटला होता. नर्सनं मला चाकांच्या खुर्चीत घालून तळमजल्यावर बायकांच्या सामान्य वॉर्डात आणलं, नऊ नंबरच्या खाटेवर. म्हणाली, "काकू, तयारी इथेच करू, परत येईपर्यंत वरची खोली कोरडी होईल." रुग्णालयाचा हिरवा झगा, केसांवर टोपी, चष्मा काढून पिशवीत, दातांची कवळी डबीत, गळ्यापर्यंत चादर. त्या रांगेत आम्ही बारा जणी एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसत असणार.

नऊ वाजून गेले. मी दाराकडे बघत होते, चष्म्याशिवाय जेवढं दिसेल तेवढं. आणि आवाज ऐकू आला.

वॉर्डाच्या पलीकडच्या टोकाला कोणीतरी म्हणालं, "साहेब, तुम्ही इकडे?" दुसरी बाई म्हणाली, "साहेब, इथे पाणीच येत नाही हो बाथरूममध्ये." आणि ह्यांचा आवाज, तोच घुमणारा. "थांबा, थांबा, एकेक सांगा." मला शोधायला वरच्या खोलीकडे निघालेला माणूस वाटेत वॉर्डाच्या दारातच अडकला होता. एक नंबरच्या खाटेपासून सुरुवात झाली. नातेवाईक गोळा झाले, दोन आया मागे चालायला लागल्या. प्रत्येक खाटेपाशी थांबणं, खाटेच्या दांडीवर हात, दोन शब्द, पुढे. मला अंधूक दिसत होतं, पण चाल ओळखीची होती. मागच्या आठ महिन्यांत ह्यांचे खांदे इतके सरळ मी पाहिले नव्हते.

मी उशीवर मान सावरून घेतली. येताहेत, म्हटलं. जरा फिरून का होईना, येताहेत.

आठ नंबर झाला. नऊ नंबरपाशी आले. ह्यांचाही चष्मा खिशात असतो, चार माणसांत कधी लावायचे नाहीत. मागून कोणी काहीतरी विचारत होतं, अर्धं लक्ष तिकडे. दांडीवर हात ठेवला, मान तिरकी केली, माझ्याकडे पाहिलं.

"काही त्रास नाही ना, ताई? बरोबर कोण आहे तुमच्या?"

मला आधी वाटलं, गंमत करताहेत. सकाळच्या आमच्या खेळासारखी. मी ह्यांच्या डोळ्यांत पाहिलं. गंमत नव्हती. ओळखलंच नव्हतं. तीच मायेची नजर, जी मिळावी म्हणून मी पाच महिने घराला वळसे घातले, ती तिथे कोणालाही मिळत होती आणि कोणासाठीच नव्हती.

"यजमान यायचेत," मी म्हटलं. कवळी नव्हती, आवाज माझा मलाच परका वाटला.

"येतील, येतील. धीर धरा." माझ्या हातावर थोपटलं आणि दहा नंबरकडे वळले.

हाक मारता आली असती. अहो, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण सगळ्यांदेखत ह्यांची फजिती झाली असती, आणि खरं कारण ते नाहीच. राग इतका आला होता की ओठ उघडले असते तर मी रडले असते, आणि मला त्यांच्यासमोर आणखी एक रडणारी बाई व्हायचं नव्हतं. पाच मिनिटांनी नर्स संमतीचा कागद घेऊन आली. "नातेवाईक कोणी नाही का, काकू?" मी म्हटलं, "माझीच सही चालेल का?" चालली. आत नेताना वरचे दिवे एकामागून एक सरकत गेले आणि मी माझाच हात धरला.

गाठ साधी निघाली. तेवढं चांगलं झालं.

शुद्धीवर आले तेव्हा वरच्या कोरड्या खोलीत होते. तो दिवस गुंगीत गेला. हे येऊन गेले म्हणे. दुसऱ्या दिवशी दुपारी आले ते फळं घेऊन आणि अंगात वारं भरल्यासारखे. खुर्ची ओढून बसले.

"काल मी आलो तोवर तुला नेलं होतं गं. वरती तर सगळं तळं साचलेलं. पण खालच्या वॉर्डात किती हाल आहेत माहितेय? बाथरूमला पाणी नाही, दोन खाटांना चाकं नाहीत. पंधरा जणांनी नंबर घेतला माझा. चष्मेवाली एकदाही फिरकली नाही म्हणे." मग आवाज खाली आला. "एक बाई होती. नऊ नंबरला. बिचारीचं कोणी नव्हतं बरोबर. नवरा येणार म्हणत होती. मला काही तो येईल असं वाटलं नाही. असतात अशी माणसं."

मी छताकडे पाहत राहिले. ओल्या डागाची कड पिवळी झाली होती.

"आला का मग तिचा नवरा?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक. डोक्यातून जात नाहीये बघ ती." खिशातून कागद काढून लिहिलेलं दाखवलं. 'खाट ९, बाई, एकटी.' ह्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. खोटं नव्हतं त्यात काही, हेच तर वाईट. "तुला काही हवंय का? नाहीतर मी जरा खाली जाऊन चौकशी करून येतो."

आता सांगावं की न सांगावं? सांगितलं असतं तर तो कागद फाडला असता, माझे हात धरले असते, क्षमा मागितली असती. आणि मी पुन्हा कुठल्या खुर्चीत जाऊन बसले असते?

"मला काही नको," मी म्हटलं. "जा तुम्ही. बघा तिचं काय झालं."

गेले. खाली वॉर्डात त्याच नर्सची पाळी होती, जिनं मला खाली आणलं होतं. तिच्याकडे नोंदवही होती. मी पडल्या पडल्या जिन्याचे हिशेब करत होते, आता पहिला मजला, आता तळमजला, आता दार. वॉर्डात कोणीतरी साहेब म्हणून हाक मारली असेल, तिथे थांबले असतील. मग नर्सपाशी गेले असतील. मग वही उघडली असेल.

खूप वेळ कोणी आलं नाही. एक आया येऊन पाण्याचा तांब्या बदलून गेली. मला वाटलं, घरी निघून गेले.

मग दारात हे दिसले. चष्मा लावलेला. हातात तो कागद, घडी न घातलेला. आत येत नव्हते, उंबरठ्याशी उभे होते, एका पायावरचं वजन दुसऱ्यावर घेत. एकतीस वर्षांत पहिल्यांदा ह्या माणसाला माझ्याकडे काहीतरी मागायचं होतं.

मी "आत या" म्हटलं नाही. म्हणणार होते, म्हटलंही शेवटी. पण आधी चांगला वेळ उभं राहू दिलं. आणि त्या वेळात मला फार बरं वाटलं, इतकं बरं की मी घाबरले.